मदत हवी आहे: शांपूची वडी वापरून केस मेणचट झालेत, नक्की चुकतंय कुठे?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय आणि जरा लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. शांपू, कंडिशनर, बॉडीवॉश, हँडवॉश मिळून महिन्याला किती बाटल्या संपतात ते एकदा मोजलं आणि धक्काच बसला. त्यातली मुलगी शांपू अक्षरशः ओतते, तिला किती वेळा सांगितलं तरी पंप दोनदा-तीनदा दाबल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. मग वाचलं की पातळ शांपूमध्ये बराचसा भाग पाणीच असतं, सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपण पाण्याला बाटली, पंप आणि वाहतूक सगळ्याचे पैसे मोजतो. म्हणून ठरवलं की हळूहळू सगळं वडीवर न्यायचं. खर्च कमी हे पहिलं कारण, प्लास्टिक कमी हे दुसरं, आणि प्रवासात बॅगेत काही सांडत नाही, विमानात शंभर मिलीची अट पण लागत नाही हे तिसरं.

सुरुवात शांपूच्या वडीनेच केली, आणि तिथेच अडकलेय.

पहिली वडी आणली ती हाताने बनवलेली, "नैसर्गिक तेलांची" असं लिहिलेली. ब्रँड सांगत नाही कारण दोष वडीचा की माझा तेच कळत नाहीये. पहिल्या दोन धुण्यांना केस बरे वाटले, तिसऱ्यापासून मुळांपाशी जड, चिकट, मेण लावल्यासारखे, आणि टोकं मात्र राठ. कंगव्यावर पांढरट चिकट थर यायला लागला, बोटाने खरवडला तर नखात बसायचा. वाटलं नीट धुतलं गेलं नसेल म्हणून अजून जास्त वडी घासली, तर अजूनच वाईट. दुकानदार म्हणाला "केसांना सवय व्हायला महिना लागतो, आतली केमिकल्स बाहेर पडतात, धीर धरा". पाच आठवडे धरला धीर. मुलीने चौथ्या दिवशीच हात टेकले आणि परत बाटलीवर गेली, तिला मी काही बोलू पण शकले नाही, तिचे केस खरंच वाईट दिसत होते शाळेत जाताना.

दुसरी गोष्ट खर्चाची. वडीची किंमत आमच्या नेहमीच्या बाटलीच्या दीडपट होती. "एक वडी दोन-तीन बाटल्यांएवढी चालते" असं सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून घेतली. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलं. नवी वडी ९५ ग्रॅम, बारा धुण्यांनंतर ४१ ग्रॅम. म्हणजे एका धुण्याला साडेचार ग्रॅम, या हिशोबाने अख्खी वडी एकवीस धुण्यांत संपणार. बाटली ३४० मिलीची, मी औषधाच्या झाकणाने मोजून घेते तेव्हा १२ मिली लागतात, म्हणजे अठ्ठावीस धुणी. किंमत दीडपट आणि चालते कमी, तर एका धुण्याला जवळजवळ दुप्पट खर्च झाला की! यात काटकसर कुठे आहे? वडी कायम साबणदाणीत ओली असते, खाली पांढरा चिखल साचतो, ते एक कारण असणार असा माझा अंदाज.

तर माझे प्रश्न. केस मेणचट का होतायत आणि ही "सवय होण्याची" गोष्ट खरी आहे का? आमच्याकडचं पाणी क्षाराचं आहे, बादलीला आणि नळाला पांढरे डाग पडतात, त्याचा संबंध असेल का? कोणती वडी घ्यावी हे लेबलवरून कसं ओळखायचं? कंडिशनरची वडी कोणी वापरलीय का, लांब केसांना पुरते का? आणि नवऱ्याला कोंड्यासाठी डॉक्टरांनी दिलेला शांपू आहे, तो सोडून तो वडीवर येऊ शकतो का?

केसांवर खूप जीव आहे माझा, कमरेच्या खाली आहेत, कापायला लागू नयेत एवढीच इच्छा. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद :
ताई, तुमचा वैताग शब्दशः मी भोगलाय. तुमच्या क्षाराच्या पाण्यातच अर्धं उत्तर आहे. तुम्ही आणलेली वडी म्हणजे साबण आहे, शांपू नाही. वडीच्या आकारात दोन पूर्ण वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांची प्रक्रिया करून बनतो तो साबण, त्याचा पीएच (आंबट-खारटपणाचं, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप, सात म्हणजे मधोमध, वर गेलं की अल्क) नऊ ते दहाच्या आसपास असतो आणि तो कितीही चांगला बनवला तरी त्याच्या खाली येत नाही. दुसरी म्हणजे सिंडेट, यात शांपूमधलेच फेस करणारे घटक पाण्याशिवाय दाबून वडी केलेली असते, हिचा पीएच पाच ते सातमध्ये ठेवता येतो. डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या जवळ असतो. जास्त पीएचला केसाचे बाहेरचे खवले उघडतात, म्हणून टोकं राठ आणि गुंता.

आणि मेण? साबण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरतो आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. साबणामुळे बाथरूमच्या फरशीवर चिकट पांढरा थर बसतो ना, तोच, फक्त आता केसांवर. म्हणून जास्त घासलं की जास्त साका. पाच आठवडे काय पाच महिने थांबलात तरी त्यात फरक पडणार नाही, कारण ती सवय नाहीच, दर धुण्याला नवा थर चढतोय. केसांतून बाहेर पडायला कुठली केमिकल्स आत साठलेली नसतात हो. दुकानदाराने मनापासून सांगितलं असेल, पण चुकीचं सांगितलं.

घरी बघायचं असेल तर दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी आणि एकीत डिस्टिल्ड, दोन्हीत त्याच वडीचा नखाएवढा किस टाकून जोरात हलवा. डिस्टिल्डमध्ये भरपूर फेस आणि खाली पाणी स्वच्छ, नळाच्या पाण्यात फेस जेमतेम आणि पाणी दुधट, असं दिसलं की समजा वडी साबणाची आहे आणि साका पाण्यातल्या क्षारामुळे होतोय.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत. लेबलचं सांगते. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम ऑलिव्हेट अशी नावं असली किंवा "सॅपोनिफाइड तेलं" असं लिहिलेलं असलं की तो साबण. सोडियम कोकोइल आयसेथियोनेट हे पहिल्या एक-दोन नावांत दिसलं की सिंडेट, आणि ते सौम्य पण आहे. यात एक गंमतशीर फसगत होते, सोडियम कोकोएट आणि सोडियम कोको सल्फेट ही नावं जुळ्या बहिणींसारखी दिसतात पण पहिलं साबण आहे आणि दुसरं डिटर्जंट, तेही बऱ्यापैकी कडक, तुमच्या एवढ्या लांब केसांना ते मुख्य घटक म्हणून नको. "नैसर्गिक", "हाताने बनवलेली" या शब्दांवरून काहीच कळत नाही, मागची बारीक अक्षरंच वाचायची.

आता चढलेला थर काढायला एकदा-दोनदा क्लॅरिफायिंग शांपू वापरा, घटकांत ईडीटीए असेल तर उत्तम कारण ते क्षाराला पकडून ठेवतं. बरेच जण व्हिनेगर सांगतील. ते चालतं, मोठ्या मगभर पाण्यात एक मोठा चमचा एवढंच, त्याहून तीव्र नको आणि डोळे सांभाळा. पण साबण नीट धुवून झाल्यावरच ओता, केसांत साबण शिल्लक असताना आंबट पाणी पडलं की साबण फुटून त्यातली स्निग्ध आम्लं मोकळी होतात आणि केस अजून तेलकट होतात. मी हेच केलं होतं आणि वर व्हिनेगरलाच शिव्या देत होते. खायचा सोडा कोणी सुचवला तर अजिबात ऐकू नका, त्याचा पीएच आठच्या वर असतो, तुम्ही त्याच चक्रात परत जाल.

कोंड्याचं मात्र स्पष्ट सांगते, औषधी शांपू वडीने बदलू नका. त्यात बहुतेक वेळा केटोकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध असतं आणि ते डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवायचं असतं. साध्या वडीत ते नसतंच. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी तो शांपू, बाकीच्या दिवशी वडी चालेल का हे त्यांनाच विचारू द्या.

प्रतिसाद :
वडी संपण्याबद्दल. तुमचा अंदाज बरोबर आहे, वापरून जेवढी संपते त्यापेक्षा भिजून जास्त संपते. नवी वडी आणली की सुरीने तीन-चार तुकडे करायचे, एकच बाथरूममध्ये, बाकीचे कोरड्या कपाटात. बाथरूममधला तुकडा जाळीवर, खालून हवा लागेल असा, शॉवरच्या धारेपासून लांब. सपाट साबणदाणी चालत नाही, तिला भोकं असली तरी नाही.

शिवाय वडी थेट लांब केसांवर वरखाली घासू नका, गुंता होतो आणि वडीही जाते. ओल्या हातात चार-पाच वेळा फिरवून फेस काढा, तो फक्त मुळांना लावा, धुताना ओघळणारा फेस खालच्या लांबीला पुरतो.

मूळ धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन महिन्यांनी आलेय पण सगळं करून बघून आलेय. बाटल्यांचा प्रयोग मुलीने केला. नळाच्या बाटलीत नुसतं ताकासारखं पाणी आणि डिस्टिल्डमध्ये गळ्यापर्यंत फेस, ते बघून ती म्हणाली "आई हे तू महिनाभर डोक्यावर लावत होतीस?" आणि मला खरंच रडू आलं, कारण मला वाटत होतं माझ्याच केसांत काहीतरी बिघडलंय.

क्लॅरिफायिंग शांपूने दोनदा धुतलं, थर गेला. नंतर कोकोइल आयसेथियोनेटवाली वडी आणली, किंमत पहिल्या वडीएवढीच, वजन ८० ग्रॅम. तुकडे करून जाळीवर ठेवली. चौदा धुण्यांनंतर सगळे तुकडे एकत्र मोजले, ५६ ग्रॅम. म्हणजे धुण्याला एक पूर्णांक सात ग्रॅमच्या आसपास, अख्खी वडी सत्तेचाळीस धुणी तरी जाईल. बाटलीपेक्षा स्वस्त पडली, पण थोडीशीच, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण तीनपट चालते वगैरे वाचून माझ्यासारखं कोणी आशेने घेऊ नये. पातळ शांपू झाकणाने मोजून घेतला तरी बरीच बचत होते हे पण खरं. मुलीच्या बाबतीत मात्र वडीने मोठा फरक पडला कारण वडी ओतता येत नाही.

कंडिशनरच्या वडीने सगळ्यात जास्त आनंद दिला. घटकांत बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट बघून मी घाबरले होते, वाटलं हे कडक सल्फेट, मग कळलं की नावात सारखेपणा असला तरी ते फेस करणारं नाहीच, उलट केसाला चिकटून मऊ करणारं आहे. ५० ग्रॅमची वडी, महिन्यात आठ ग्रॅम गेली फक्त. ओल्या केसांवर कानाच्या खालून घासायची, थोडं पाणी घेऊन बोटांनी पसरवायची. पहिल्यांदा काही लागलंय असं वाटतच नाही, मग मी जास्त घासली आणि केस लोंबले, तर ते करू नका.

आणि खरी बचत निघाली अंगाच्या साबणात, जिथे मी बघतच नव्हते. बॉडीवॉश आणि हँडवॉश बंद करून साध्या साबणाच्या वड्या आणल्या, जाळीवर ठेवल्या, महिन्याचा त्या दोन्हींचा खर्च निम्म्याहून खाली आला. क्षाराचं पाणी असूनही आम्हाला अंगाला साबणाचा तसा त्रास झाला नाही, फरशीवर साका बसतो तो आठवड्याला घासते. फक्त सासूबाईंची त्वचा फार कोरडी आहे, त्यांच्यासाठी सिंडेटची वडी ठेवलीय आणि त्यांच्या पायांची खाज खूपच कमी झालीय. उरलेले पातळ तुकडे आधी पाण्यात विरघळवून हँडवॉश करून बघितला, तो आठवड्यात शेंबडासारखा झाला आणि वास यायला लागला (पाणी आलं की जंतू आले, टिकवणारं काही आपण घालत नाही), आता जुना तुकडा नव्या वडीला दोन्ही ओल्या असताना दाबून चिकटवते, दुसऱ्या दिवशी एकजीव होतो.

एक शेवटचं विचारायचंय. सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, वडी त्यांच्या हातातून निसटते आणि त्या खाली वाकून उचलतात तेव्हा मला फार भीती वाटते, एकदा त्या घसरता घसरता वाचल्या. त्यांच्यासाठी परत बाटली आणू का?

प्रतिसाद :
आणा ना, त्यात काहीच हरकत नाही, पडण्यापेक्षा बाटली बरी. पण त्याआधी एक करून बघा. जाळीच्या छोट्या पिशवीत वडी घालून तोंड बांधायचं आणि पिशवीची दोरी छातीच्या उंचीवरच्या खुंटीला अडकवायची. पिशवीसकट अंगाला घासता येते, निसटली तरी खाली पडत नाही, तिथेच लटकून वाळते. माझ्या आईला असं करून दिलंय, ती बसून आंघोळ करते म्हणून खुंटी स्टुलाच्या उंचीला खाली लावलीय. दोरी आखूड ठेवा, पायात येईल एवढी लांब नको.