कॉइलओव्हरची रिंग फिरवताना आट्यांतून चंदेरी चुरा आला, पुढे फिरवू की थांबू?

मातीवाट:
नमस्कार मंडळी, माझ्या पिकअप ट्रकला पुढे स्टीलचा बंपर आणि विंच लावलाय, जुना बंपर वजा केला तरी १०० किलोच्या आसपास वजन वाढलं असणार, आणि तेव्हापासून गाडीचं नाक खाली गेलंय. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजलं तर आधीपेक्षा डावीकडे २४ मिमी आणि उजवीकडे १८ मिमी कमी भरतंय. पुढे ॲडजस्टेबल कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग, शॉकच्या आट्यांवरची रिंग फिरवून ती दाबता येते) आहेत म्हणून म्हटलं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवायचं प्रमाण, वाढवून घेऊ. डावीकडे लोअर आर्मखाली (चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा दांडा) जॅक लावून गाडी उचलली, चाक काढलं, रिंगचा छोटा ॲलन बोल्ट सैल केला आणि हुकवाल्या पान्याने रिंग फिरवायला लागलो. पाव फेरा कशीबशी फिरली, मग कर्रर्र असा आवाज आला आणि रिंगखाली बोट फिरवून बघितलं तर बोटावर चंदेरी भुकटी. तिथेच थांबलोय. पान्याला पाइप लावून जोर काढू का? आणि प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होऊन पुढचं वजन नीट पेलेल ना?

जुनापाना:
थांबलात ते फार बरं केलंत दादा, आणि पाइप अजिबात लावू नका. ती भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम आहे, रिंगचं किंवा शॉकच्या बॉडीचं. दोन्ही ॲल्युमिनियमचे असले आणि मध्ये माती असली की वजनाच्या दाबाखाली ते एकमेकांना खरवडतात आणि मग चिकटूनच बसतात. रिंग गेली तर नवी रिंग मिळते, पण बॉडीवरचे आटे गेले की अख्खा शॉक गेला. मी हे स्वतः भोगलंय, घाई केली, पाइप लावला, पाऊण फेऱ्यात रिंग अशी जाम झाली की शेवटी कापून काढावी लागली आणि बॉडीचे चार आटे सपाट झाले होते.

मूळ चूक जॅकच्या जागेत आहे. लोअर आर्मखाली जॅक लावला की त्या कोपऱ्याचं सगळं वजन अजून स्प्रिंगवरच असतं, म्हणजे तुम्ही गाडीचं वजन त्या बारीक आट्यांवरून उचलायला बघत होतात. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, गाडी पुढून उचलून दोन्ही जॅक स्टँड चेसिसखाली द्या आणि दोन्ही पुढची चाकं लोंबकळू द्या. दोन्ही बाजू एकदम, कारण एकच बाजू उचलली तर अँटीरोल बार (दोन्ही बाजूंचे आर्म जोडणारा दांडा) दुसऱ्या बाजूकडून आर्म वर ओढून धरतो, त्याची लिंक सोडली तर अजून चांगलं. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना ते बघून घ्या.

पण चाक लोंबकळलं म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं समजू नका, इथेच बरेच जण फसतात. समजा ६०० पाउंडाची स्प्रिंग आहे, म्हणजे एक इंच दाबायला साधारण २७० किलो लागतात, आणि ती बसवतानाच ४० मिमी दाबलेली असेल तर चाक हवेत असतानाही रिंगवर ४३० किलोच्या जवळपास जोर असतो. शॉक पूर्ण उघडलाय पण स्प्रिंग अजून दाबलेलीच आहे. एक-दोन फेरे त्या अवस्थेत होतात, आटे स्वच्छ असतील तर. तुमचे आधीच खरवडलेत, म्हणून मी तरी शॉक खाली काढून स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच करेन, रिंग हाताने फिरली पाहिजे इतकी स्प्रिंग दाबा. मग आट्यांवरून नख फिरवा, जिथे अडकेल तिथे बारीक थ्रेड फाइलने हळूच साफ करा.

कॉम्प्रेसरचे दोन हुक बरोबर समोरासमोर, दोन्ही बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळायचे, इम्पॅक्ट गन लावायची नाही, आणि काम करताना स्प्रिंगच्या टोकासमोर उभं राहायचं नाही. आणि काही शॉकना वर मधोमध दांड्यावर नट असतो, तो स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये धरल्याशिवाय कुणीही सोडू नये, तो सुटला की सगळा साठलेला जोर एकदम बाहेर येतो.

चिखलगाडी:
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. फिरवायच्या आधी सफाई, यात आळस नको. पाण्याने धुवा, नायलॉन किंवा पितळी ब्रशने आटे घासा, लोखंडी ब्रश नको, तो ॲल्युमिनियम खातो. मग हवा मारा, पुसा, आणि सिलिकॉन स्प्रे मारा. रिंग ज्या बाजूला जाणार आहे तिकडचे आटे जास्त नीट साफ करा, कारण माती तिथेच बसलेली असते, रिंगने झाकलेल्या आट्यांत नाही.

सस्पेन्शनवेडा:
मी तर आट्यांना भरपूर ग्रीस लावतो, मस्त फिरतं.

चिखलगाडी:
ग्रीस फिरवताना चांगलंच वाटतं, पण नंतर ते धूळ धरून ठेवतं आणि पुढच्या वेळी त्याचीच पेस्ट घासायला लागते. लावायचंच असेल तर पातळ थर, आणि काम झालं की पुसून टाका. कोरडं वंगण बरं.

सस्पेन्शनवेडा:
हो, हे पटलं. माझी गाडी जास्त डांबरी रस्त्यावरच असते म्हणून त्रास झाला नसावा.

आता मूळ दुसऱ्या प्रश्नाबद्दल, प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हो. साधी लिनियर स्प्रिंग असेल तर तिचा रेट (एक इंच दाबायला लागणारा जोर) तोच राहतो, रिंग खाली नेली की फक्त गाडी वर येते. कडक वाटतं त्याचं कारण वेगळंच, गाडी वर आली की चाक खाली जायला जी जागा असते ती कमी होते, मग खड्ड्यात चाक खाली जाताना शॉक पूर्ण उघडून ठाक करून आपटतो. तुम्हाला मूळ उंची परत हवी आहे तेवढंच करा, तिथे काही बिघडणार नाही. त्याच्यावर अजून दोन इंच चढवायचा मोह होतो, तेव्हाच बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंटचे कोन बिघडतात, अप्पर आर्म स्प्रिंगला टेकायला लागतो, आणि खूपच दाबली तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडतात. रिंग किती खाली न्यायची याची मर्यादा शॉकच्या कागदात दिलेली असते, तिच्यापुढे जावं लागत असेल तर जड स्प्रिंग घ्या.

किती फिरवायचं ते असं काढा. शॉक आर्मवर चाकापेक्षा आत बसलेला असतो म्हणून रिंग १० मिमी सरकली की चाकापाशी १८ मिमीच्या आसपास फरक पडतो, गाडीगणिक बदलतं. तुम्हाला डावीकडे २४ पाहिजे, म्हणजे रिंगपाशी १३, उजवीकडे १८ म्हणजे १०. आट्यांची पिच, म्हणजे एका फेऱ्यात रिंग सरकते ते अंतर, २ मिमी असेल तर साडेसहा आणि पाच फेरे. आधी रिंगवर आणि बॉडीवर मार्करने एक रेघ मारा, रिंगच्या वर किती आटे दिसतात ते मोजून फोटो काढा, म्हणजे मोजणी चुकली तरी परत यायला जागा आहे.

मातीवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, आर्मखालच्या जॅकचं मला खरंच कळलं नव्हतं. दोन्ही शॉक काढून कॉम्प्रेसर लावला. डावीकडे रिंगच्या आतल्या बाजूचे दोन आटे खरवडलेत, बॉडीवर फक्त एक बारीक ओरखडा, फाइलने निघाला. नवी रिंग घालतोय. साफ केल्यावर रिंग दोन बोटांनी फिरली, आधी पान्याने हलत नव्हती यावर विश्वास बसत नाही. तो छोटा बोल्ट किती आवळायचा?

जुनापाना:
वाचले आटे, छान झालं. बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच, आणि तो फार कमी असतो, लहान ॲलन कीने मनगटाच्या जोरावर, लांब हँडल नाही. रिंग ॲल्युमिनियमची आहे, जास्त आवळलात तर बोल्टच्या भोकातला आटाच उपटून येतो. काही रिंगांना पिंच बोल्टऐवजी आट्यांवर दाबणारा स्क्रू असतो, त्याच्या टोकाला नायलॉनचा किंवा पितळेचा तुकडा असतो, तो हरवू देऊ नका, नाहीतर स्टील थेट आट्यांत घुसतं.

आणि आर्मचे बोल्ट सैल केले असतील तर गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, लोंबकळत्या अवस्थेत आवळले की रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

मातीवाट:
गाडी खाली उतरवल्या उतरवल्या मोजलं तर १५ मिमी जास्तच वर दिसत होती, घाबरलो, पण दोन-तीन किलोमीटर फिरवून परत मोजलं तर बसली. आता डावीकडे मूळ उंचीपेक्षा २ मिमी कमी, उजवीकडे १ मिमी जास्त. डावीकडे अर्धा फेरा अजून देऊ का?

सस्पेन्शनवेडा:
डाव्या-उजव्यातल्या ३ मिमी फरकासाठी नको. टाकीत डिझेल किती आहे, ड्रायव्हर बसलाय की नाही, एवढ्याने तेवढा फरक पडतो. आता अलाइनमेंट करून घ्या, उंची बदलली की कॅम्बर, कॅस्टर, टो हे चाकाचे तिन्ही कोन हलतात, आणि टो बिघडलेलं असेल तर टायरची कड भराभर झिजते. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या, नाक खाली असताना तो वर केला असेल तर आता समोरच्याच्या डोळ्यांवर जाईल. ५०० किलोमीटरनंतर रिंगवरची रेघ जागेवर आहे का ते एकदा बघा.