मदत हवी आहे : ‘पाया’ला पर्यायी शब्द सुचवा

नमस्कार मंडळी,

बेळगावातील आमच्या भागातल्या एका मराठी वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी लेख लिहीत आहे. दोन पानांत ‘पाया’ हा शब्द अकरा वेळा आल्याचे काल मुलीने पेन्सिलीने गोल करून दाखवले आणि तेव्हापासून लेख पुढे सरकलेला नाही. ‘वर्गणीदार हे वाचनालयाचा पाया आहेत’, ‘मातृभाषेचा पाया पक्का हवा’, ‘सेवाभावाच्या पायावर संस्था उभी राहिली’ अशी ती वाक्ये आहेत.

आधार, अधिष्ठान, मूलाधार, आधारशिला, बैठक हे शब्द मला ठाऊक आहेत, परंतु एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य लंगडते. त्यात आमच्या कानांवर दिवसभर कन्नडमधले ‘अडिपाय’ आणि ‘बुनादी’ पडत असतात. पायाभरणीच्या फलकांवर ‘शंकुस्थापना’ वाचून वाचून मीही मसुद्यात तेच लिहिले होते. पुण्याच्या वहिनींनी ‘हा कसला विधी?’ असे विचारले, तेव्हा कुठे चूक लक्षात आली.

कोणता शब्द कुठे शोभेल, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद (खानापूरकर) :

ताई, शब्द बदलण्याआधी त्याच्यासोबत कोणते क्रियापद नांदते ते पाहावे. पाया खणतात, घालतात, भरतात आणि तो खचतो. अधिष्ठान लाभते, बैठक पक्की होते, कणा मोडतो. त्यामुळे वर्गणीदारांना ‘कणा’ किंवा ‘आधारस्तंभ’ म्हणावे, भाषेची ‘बैठक’ पक्की असावी आणि तिसरे वाक्य ‘संस्थेला सेवाभावाचे अधिष्ठान लाभले’ असे फिरवावे. भाषणांतून हा शब्द फार झिजला आहे, तरी येथे तो चपखल बसतो, कारण मंदिराच्या बांधणीत अधिष्ठान म्हणजे भिंतीखालचा घाटदार थरांचा चौथरा, जो जमिनीवर दिसतो. पाया मात्र मातीखाली असतो. आमच्या घराचे काम चालले होते तेव्हा चर डबराने भरून काम जमिनीच्या वर आल्यावर गवंडी म्हणाला, ‘आता जोत्याला आलो.’ हे ‘जोते’ही हाताशी असू द्यावे, पण ते खऱ्या इमारतीपुरतेच.

‘आधारशिला’ला हिंदीचा वास येतो. ‘मूलाधार’ म्हटले की निम्म्या वाचकांना योगातले चक्र आठवेल. ‘शंकुस्थापना’ काढून ‘पायाभरणी’ लिहावे. शंकू म्हणजे जमिनीत ठोकायची खुंटी. शब्द संस्कृतच आहे, परंतु मराठीत या समारंभासाठी रुळलेला नाही.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. अकरांपैकी चारच ‘पाया’ उरले. त्यांतला एक मुद्दाम ठेवला आहे. सुरुवातीच्या दिवसांत हातगाडीवरून घरोघरी पुस्तके पोहोचवणाऱ्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांना ‘आधारस्तंभ’ म्हणवेना, म्हणून ‘पायाचे दगड’ असेच राहू दिले. आता एकच शंका उरली आहे. कपाटे, दिवे आणि बाके यांना ‘मूलभूत सुविधा’ म्हणावे की ‘पायाभूत’?

खानापूरकर :

सुविधा ‘पायाभूत’ आणि गरजा ‘मूलभूत’, असा रूढ वापर आहे. आपल्या वाक्यात मात्र ‘कपाटे, दिवे आणि बाके’ एवढेच लिहिले तरी चालेल.