आर्चेसला २०२२ ते २०२५ मधलं वेळेचं तिकीट: रास्त की जाच?

कडकऊन्ह
आई-बाबा नाशिकहून आले होते म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या युटा राज्यातलं, दगडी कमानींचं आर्चेस नॅशनल पार्क ठरवलं. दहा ते अकराचं टाइम्ड एंट्री तिकीट काढलेलं, म्हणजे त्याच तासात गेटातून आत शिरायचं. फ्लॅगस्टाफहून पहाटे पावणेपाचला निघालो, गेटवर पोचलो तेव्हा गाडीच्या घड्याळात सव्वादहा. पण फ्लॅगस्टाफ ॲरिझोनात, तिथे उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे) पाळत नाहीत, युटात पाळतात. म्हणजे गेटवर सव्वाअकरा! चूक माझीच. जवळच्या मोआब गावात परतलो, चारनंतर तिकीट लागत नव्हतं म्हणून तेव्हा आत गेलो.

माझी चूक सोडा, पण गाडीमागे ३० डॉलर प्रवेश आहेच, वर २ डॉलरचं हे आरक्षण कशाला होतं? एवढी ओसाड जमीन पडलीय. पार्किंग वाढवा, भागलं.

दगडधोंडे
ओसाड म्हणे! तिथल्या मातीवर काळपट, खडबडीत खपली दिसते ना, ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल (हो, आपल्या मसाल्यातल्याचेच भाऊबंद). वाळू धरून ठेवते ती तीच. एक बूट पडला तर भरून यायला वर्षानुवर्षं जातात. पार्किंग भरलं की लोक गाडी रस्त्याच्या कडेला उतरवतात, चाकं नेमकी तिच्यावर.

आणि २०२१ विसरलात का? वर्षात १८ लाखांवर माणसं. पार्किंग भरलं की गेटच बंद, काही तासांनी या म्हणायचे. त्यानंतर २०२२ मध्ये हे तिकीट आलं. त्यापेक्षा घरबसल्या वेळ ठरलेली काय वाईट?

चहाबाज
घरबसल्या, पण काही महिने आधी! ज्याची रजा आदल्या आठवड्यात मंजूर होते त्याने काय करायचं? आदल्या संध्याकाळी थोडी तिकिटं सोडायचे, त्यासाठी मोबाइल हातात धरून बसायचं. म्हणजे तत्काळच की! मोआबच्या काही धंदेवाल्यांचाही या तिकिटाला विरोध होता, तो मला पटतो.

सातारकर
कासला फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आलं तेव्हाही अशीच बोंब झाली होती. आता कुणी बोलत नाही. पण आर्चेसला बस का नाही? युटातल्याच झायन नॅशनल पार्कला २००० पासून आहे.

दगडधोंडे
झायनची दरी एकच, चिंचोळी. बस सरळ जाते-येते. इथे रस्ता डेव्हिल्स गार्डनपर्यंत १८ मैल, मध्ये विंडोज आणि डेलिकेट आर्चचे फाटे. जुलैच्या उन्हात थांब्यावर पाऊण तास उभं राहून बघा. शिवाय बसने माणसं कमी होत नाहीत, गाड्या कमी होतात. कमानीखाली रांग तेवढीच.

सातारकर
मग थांब्याला छप्पर घाला. गाडी नको आणि बसही नको, तर माणसाने जायचं कसं?

कडकऊन्ह
खपलीचं मान्य, मला माहीत नव्हतं. पार्किंग वाढवा म्हणालो ते मागे घेतो. पण तिकिटाची वेळ चारला संपायची ना, मग सूर्यास्तासाठी सगळी झुंबड चारनंतरच. डेलिकेट आर्चची पायवाट सुरू होते त्या वोल्फ रँचच्या पार्किंगमध्ये पंचवीस मिनिटं घिरट्या घातल्या, कुणी किल्ली काढली की मागे तीन गाड्यांचे इंडिकेटर सुरू. शेवटी बायको आणि बाबा उतरून चालू लागले, आई आणि मी गाडीतच. तिकीट लावायचं तर सूर्यास्तापर्यंत लावायचं, नाहीतर सकाळी तरी का अडवायचं?

दगडधोंडे
हे बरोबर आहे. वेळ वाढवायला हवी होती. पण तिकीट काढून टाकायला माझा विरोधच.