स्मार्ट शहर म्हाताऱ्यांवर नुसती नजर ठेवतंय का?

(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

जुना कंदील

शहरं म्हातारी होत चालली आहेत आणि त्यावर 'स्मार्ट' उपाय हवा, असा सूर सगळीकडे ऐकू येतो. उपाय म्हणून दाखवतात काय, तर भिंतीवर हालचाल टिपणारा सेन्सर, पडल्याचं ओळखणारं घड्याळ, गळ्यात अडकवायचं बटण. आणि सगळ्याची खबर मुलांच्या मोबाइलवर. मला यात एक गोम दिसते. म्हातारं माणूस घरातच बसणार, हे आधीच धरून चाललेत सगळे.

सिंगापूरने २००९ साली उलट्या टोकाने सुरुवात केली. तिथे काही चौकांत ज्येष्ठ नागरिकाने आपलं कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवलं की पादचाऱ्यांचा हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त टिकतो. बस, एवढंच. पण हिशेब करून बघा. सिग्नलची वेळ ठरवताना साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चाल धरतात. इंग्लंडमधल्या एका पाहणीत ६५ च्या वरच्या पुरुषांची सरासरी चाल ०.९ मीटर निघाली, बायकांची ०.८. म्हणजे १२ मीटरचा रस्ता सिग्नलच्या मते १० सेकंदांचा आणि आजींच्या पायांच्या मते १५ सेकंदांचा. ज्या बाईला रोज हे पाच सेकंद कमी पडतात, ती काही दिवसांनी तो रस्ता ओलांडणंच सोडून देते. मग आपण तिच्या घरात सेन्सर बसवतो.

घरचंच सांगतो. बाबा एकटे राहतात, त्यांच्याकडे असे तीन सेन्सर लावले. अॅपवर दिसायचं, 'स्वयंपाकघर, ६:१२'. चला, उठलेत. पूर्वी मी रोज सकाळी फोन करायचो, तो कधी बंद झाला ते माझं मलाच कळलं नाही. एके दिवशी 'हालचाल नाही' असा इशारा आला. धावतपळत फोन केला, तर बाबा म्हणाले, "सेन्सरवर टॉवेल टाकलाय. म्हटलं, बघू किती वेळात फोन येतो."

तेव्हा माझं म्हणणं असं की पैसा आधी रस्ता, बस आणि बाकावर घाला, घरातल्या यंत्रांचं मग बघू.

पाचवा मजला

साफ असहमत. टॉवेलची गोष्ट हृद्य आहे, पण त्यात सेन्सरचा काय दोष? फोन तुम्ही बंद केलात.

माझी सासू रात्री दोनला न्हाणीघरात पडली. घड्याळाने कळवलं म्हणून आम्ही पंचवीस मिनिटांत पोचलो. ते नसतं तर सकाळी कामाच्या बाई येईपर्यंत त्या गार फरशीवर तशाच पडून राहिल्या असत्या. त्या रात्री तुमचा हिरवा दिवा आणि बाक काय कामाचे होते?

शिवाय माणसं आणणार कुठून? जपानमध्ये ६५ च्या वरचे लोक २९ टक्क्यांच्या आसपास गेलेत. तिथल्या आरोग्य खात्याचाच अंदाज आहे की २०४० पर्यंत काळजीवाहू कर्मचारी सुमारे ५.७ लाखांनी कमी पडतील. घरी एकटं मरण येणं इतकं वाढलंय की त्याला 'कोदोकुशी' असा वेगळा शब्दच आहे. 'झोजिरुशी' कंपनीने २००१ मध्ये एक पाणी तापवायची किटली काढली. ती वापरली की दूरच्या नातेवाइकांना निरोप जातो. कॅमेरा नाही, बटण नाही, म्हाताऱ्या माणसाला वेगळं काही शिकावं लागत नाही. याला पहारा म्हणायचं?

शंकासुर

किटली ठीक आहे हो. पण ती माहिती शेवटी कुणाकडे साठते? उद्या विमा कंपनीला कळलं की आजोबा रात्री पाच वेळा उठतात, तर हप्ता कुणाचा वाढेल?

वायरमन

ही यंत्रं बसवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे मी कुठल्या बाजूने बोलेन असं वाटतंय ते माहीत आहे. तरी ऐका.

घरातले बहुतेक सेन्सर फक्त उष्णतेतला फरक टिपतात, चित्र घेत नाहीत. खरी कटकट असते ती इशारा किती वेळाने द्यायचा याची. दोन तास ठेवले तर दुपारच्या झोपेला बोंब होते. आठ ठेवले तर पडलेला माणूस आठ तास पडलेलाच. खोटे इशारे चार-पाच झाले की घरचे आवाज बंद करून ठेवतात. हे मी घरोघरी बघतो.

दुसरं, या यंत्राच्या पाठीमागे काय उभं आहे? ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख लोक धोक्याच्या वेळी दाबायचं बटण वापरतात. जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेतून वीज एक्सचेंजकडूनच यायची, त्यामुळे घरची वीज गेली तरी फोन आणि बटण दोन्ही चालू. नवी डिजिटल लाइन घरच्या विजेवर चालते. जुन्या लाइनी बदलायला घेतल्या आणि काही जणांची बटणं ऐन वेळी लागलीच नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला मध्ये पडावं लागलं, कंपन्यांनी सक्तीची बदली थांबवली. बटण बनवणाऱ्यांची चूक नव्हती. रस्त्याखालची तार बदलणाऱ्याच्या डोक्यात ते बटणच नव्हतं.

जुना कंदील

पाचवा मजला, सासूबाईंचं वाचून मी वरमलो, खोटं कशाला बोलू. रात्रीच्या दोनला माझ्याकडे उत्तर नाही.

पण माणसं कमी म्हणून यंत्रं, हे गणित इतकं सरळ नाही. जेम्स राइट नावाच्या मानववंश अभ्यासकाने जपानच्या एका वृद्धाश्रमात रोबो आणल्यावर काय होतं ते जवळून पाहिलं. उचलायचं यंत्र आणा-ठेवायला माणूस लागायचा, बोलक्या रोबोच्या शेजारी कुणाला तरी उभं राहावं लागायचं. काम कमी व्हायचं सोडून वाढलं.

आणि शिकागोची जुलै १९९५ मधली उष्णतेची लाट आठवा. सातशेहून जास्त माणसं गेली, त्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा भरणा मोठा. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्ही गरीब, एकट्या म्हाताऱ्यांचं प्रमाणही जवळपास सारखं. नॉर्थ लॉनडेलमध्ये दुकानं बंद पडलेली, रस्ते ओस, लोक दाराला कडी लावून आत. साउथ लॉनडेलमध्ये रस्त्यावर वर्दळ, पायी जाण्याजोगी दुकानं. मृत्यूचं प्रमाण नॉर्थमध्ये कितीतरी पटींनी जास्त. मला म्हणायचंय ते हेच. ज्याला रोज बाहेर पडायला कारण असतं, तो दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटतं कुणाला तरी.

पाचवा मजला

शिकागोचं उदाहरण सगळे देतात. पण त्या दुसऱ्या वस्तीत लॅटिनो, म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेतली, कुटुंबं होती, नात्यागोत्याची वीण वेगळी होती. सगळं श्रेय फुटपाथला कसं द्यायचं? आणि १९९५ मध्ये त्या बंद खोल्यांत तापमान कळवणारा साधा सेन्सर असता तर?

शंकासुर

तर सेन्सरने कळवलं असतं. कुणाला? ज्यांचं कुणी नव्हतं तेच तर गेले.

पाचवा मजला

पालिकेला! स्मार्ट *शहर* म्हणतोय ना आपण? एका घराचं गॅजेट विकत घेणं म्हणजे स्मार्ट शहर नव्हे. इशारा नियंत्रण कक्षात जावा आणि तिथून माणूस निघावा. हे मान्य असेल तर आपलं भांडण अर्धं मिटलं.

निवृत्त लेखनिक

वय ७४. एवढा वेळ तुम्ही लोक माझ्याबद्दल बोलताय, म्हणून आलो.

मी ते घड्याळ वापरतो. परवा भिंतीत खिळा ठोकत होतो तर विचारतंय, 'तुम्ही पडलात का?' तीन वेळा 'नाही' दाबलं. चौथ्यांदा हातोडी खाली ठेवून दाबायला उशीर झाला आणि मुलीचा फोन. तरीही घड्याळ काढणार नाही. रात्री मला त्याचा आधार वाटतो. दिवसा मात्र ते मुलीला माझा ठावठिकाणा सांगतं, ते नको. संध्याकाळी मी कुठल्या कट्ट्यावर किती वेळ बसलो याचा हिशेब मी बायकोलासुद्धा कधी दिला नव्हता.

बाहेर पडण्याचं म्हणाल तर जपानचं तोयामा बघा. तिथे २००६ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर ट्राम सुरू केली, डब्याची जमीन फलाटाला जवळपास समपातळीत. पायरी चढायची नाही! हे ज्याच्या गुडघ्याला कळतं त्यालाच कळतं. ६५ च्या पुढच्यांना दिवसा गावाच्या मध्यभागी जायला १०० येन.

आणि एक. सगळं अॅपवर नेताना खिडकी बंद करू नका. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे निवृत्त डॉक्टर कार्लोस सान हुआन, वय ७८, पार्किन्सनने हात थरथरणारे. बँकांनी माणसं काढून सगळं मशीनवर नेलं तेव्हा त्यांनी २०२२ मध्ये 'मी म्हातारा आहे, मूर्ख नाही' म्हणून मोहीम काढली. सहा लाखांवर सह्या झाल्या आणि बँकांना नमतं घ्यावं लागलं.

मला सेन्सरही हवा आणि ट्रामही. फक्त सेन्सरचं बटण माझ्या हातात द्या. वायरमन, घड्याळ रात्रीपुरतंच चालू ठेवता येतं का?

वायरमन

पडल्याचं ओळखणं चालूच ठेवा, ते दिवसाही कामाला येतं. ठिकाण कळवणं वेगळं असतं. बहुतेक घड्याळांत ते सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे बंद होतं. मात्र खातं मुलीच्या नावावर असेल तर तिला विचारावं लागेल.

निवृत्त लेखनिक

तिच्याच नावावर आहे.

पाचवा मजला

काका, सासूबाईंचंही खातं माझ्या नावावर आहे. त्यांना आजवर विचारलं नव्हतं. आज विचारते.

जुना कंदील

मी सकाळी बाबांना फोन केला. हा धागा वाचून दाखवला तर म्हणाले, टॉवेल ओला होता, वाळत टाकला होता.