मोठ्या काळ्या विंचवाचा जीनस (वर्गीकरणात जातीच्या वरचा गट) ओळखायला मदत हवी आहे

नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगराखाली सापडलेला मोठा काळा विंचू. चिमटे जाड, शेपटी बारीक, म्हणजे लाल विंचवाच्या कुळातला नक्कीच नाही. जुन्या पुस्तकांप्रमाणे हेटेरोमेट्रस म्हटलं असतं. पण २०२० मध्ये प्रेंडिनी आणि लोरिया या विंचू-अभ्यासकांनी तो जीनस फोडला आणि त्यातून डेक्कनोमेट्रस वेगळा निघाला. अतिनील टॉर्चने फोटो काढले, पण त्यात सगळेच विंचू हिरवे चमकतात, पोत काही कळत नाही! काचेच्या डब्यात ठेवून खालून फोटो घेतले, पोटाखालच्या कंगव्यासारख्या अवयवाचे दात मोजता येतात. विंचू मारायचा नाही. सूक्ष्मदर्शक नाही, मोबाईल आणि मॅक्रो लेन्स आहे. जिवंत विंचवाच्या नेमक्या कोणत्या भागाचा स्पष्ट फोटो मिळाला तर हे दोन जीनस वेगळे ओळखता येतील?