'मुक्त जिप्सी' आणि बाल्कन ब्रासचे नवे भक्त

तिरकीताल
परवा इथे एकाने बाल्कन ब्रासवर, म्हणजे आग्नेय युरोपातल्या रोमा (जिप्सी) बँडांच्या ट्रम्पेट-पितळी वाद्यांच्या संगीतावर, भलामोठा लेख टाकला. सार काय, तर जिप्सी लोक कसे वाऱ्यासारखे मुक्त, संगीत त्यांच्या रक्तातच, उद्याची चिंता नाही, आणि मुळात ते आपलेच भारतीय बांधव त्यामुळे ट्रम्पेट ऐकून आपलंही रक्त सळसळतं. खाली बदामांचा पाऊस. मी स्वतः हे संगीत येडपटासारखं ऐकतो म्हणूनच डोकं फिरलं.

रक्तात काही नसतं हो, पोटात असतं. फानफारे चोकर्लिया या रोमा ब्रास बँडचं गाव झेचे प्रजिनी, रुमानियाच्या ईशान्य कोपऱ्यात. शेतावर राबायचं आणि आजूबाजूच्या लग्नं-बारशांत वाजवायचं, असं चाललेलं. १९९६ मध्ये एक जर्मन साउंड इंजिनिअर तिथे पोचला आणि मग यांचे युरोपभर दौरे सुरू झाले. त्याआधी ते मुक्त होते आणि कुणी विचारत नव्हतं! त्याच्याही मागे गेलात तर वलाकिया-मोल्दावियात, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भागात, रोमा शतकानुशतकं गुलाम होते, मठांचे, जमीनदारांचे, राज्याचे. १८५५-५६ मध्ये ते संपलं. धन्याच्या जेवणावळीत फिडल वाजवणारे लाउतारी त्यातलेच.

आणि २००९ ला बुखारेस्टात मॅडोनाचा कार्यक्रम झाला, स्टेजवर रोमा वादक होते, तोवर सगळे नाचत होते. तिने मध्येच म्हटलं की पूर्व युरोपात रोमांना वाईट वागवतात ते बघून वाईट वाटतं, तर त्याच पब्लिकने हुर्यो उडवली. संगीत पाहिजे, माणूस नको. एवढंच म्हणायचं होतं.

पाटलाचा_पोर
एवढंच म्हणायला एवढं मोठं? 😄 अहो काका, प्रत्येक गाण्याआधी गुलामगिरीचा धडा वाचायचा का? मी कामानिमित्त बेलग्रेडला होतो तेव्हा ऑगस्टात सर्बियातल्याच गुचाला गेलो होतो. १९६१ पासून भरतो तो ट्रम्पेटचा मेळा, एवढुसं गाव आणि मुंगीला जागा नाही. आमच्या टेबलाला एक बँड येऊन चिकटला, सात-आठ जण, फ्लुगेलहॉर्नवाला अगदी माझ्या कानाशी. शेजारच्या सर्बाने नोट काढली आणि थेट त्याच्या घामेजल्या कपाळावर थापली, ती तिथंच चिकटली आणि पठ्ठ्या न थांबता वाजवतोय. दुसऱ्याने नोट हॉर्नच्या तोंडात कोंबली. सगळे खूश होते. कुणी कुणाचं शोषण करत नव्हतं.

तिरकीताल
@पाटलाचा_पोर, कपाळावर नोट थापणं म्हणजे तुम्हाला मैत्री वाटली का? तुमच्या कपाळावर क्लायंटने थापली तर चालेल?

पाटलाचा_पोर
बोनस म्हणून थापली तर दोन्ही गाल पुढे करीन.

शुभदा_व्हिएन्ना
मी गेली बरीच वर्षं इथे आहे. शनिवारी रात्री क्लबात 'बाल्कन नाइट', गोरी पोरं घामाघूम होऊन नाचतात, आणि रविवारी सकाळी तीच पोरं यू-बानमध्ये (इथली मेट्रो) अकॉर्डियनवाला चढला की मोबाइलमध्ये डोकं घालतात. मीही घालते, उगाच मोठेपणा कशाला. पण मूळ लेखातलं 'आपले बांधव' हे मात्र अगदीच टाकाऊ नाही हं. भाषा आपल्याच कुळातली आहे, त्यांच्या झेंड्यावर चक्र आहे, आणि मॅसेडोनियाची रोमा गायिका एस्मा रेजेपोवा १९७६ मध्ये चंदीगडला रोमा महोत्सवात येऊन गाऊन गेली.

माळरान
शुभदाताई, बांधव? हजारएक वर्षांपूर्वी गेले ते बांधव, आणि इथे तालुक्याच्या गावाबाहेर पालं टाकून राहतात ते कोण? १८७१ चा कायदा करून इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ ला कागदावर पुसला, गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पालावरच येतात. पारध्याला बांधव म्हणा की एकदा. रुमानियातला लांब आहे म्हणून गोड लागतोय.

नऊ_मात्रा
जरा संगीताबद्दल बोलू का? बल्गेरियन राचेनित्सा नाच सात मात्रांचा, २+२+३. आपला रूपक ताल ३+२+२. म्हणजे वजन बरोब्बर उलट्या टोकाला. आणि ते ज्या लयीत वाजवतात त्या लयीत मात्रा मोजायला गेलात तर जीभ अडखळेल. बल्गेरियातल्या इव्हो पापाझोवची क्लॅरिनेट ऐका.

पाटलाचा_पोर
@माळरान, आला का तुमचा नेहमीचा विषय! धागा कशाचाही असो, पालावर नेऊन ठेवायचाच.

सनईवाल्याचा_पुतण्या
बरं झालं क्लॅरिनेटचं नाव निघालं. आमचे धाकटे काका वीसेक वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. लाल कोट, सोनेरी झालर, मे महिन्याचं ऊन आणि पायी वरात. दहाची नोट नवरदेवावरून ओवाळून दातात धरायला लावायचे. दातात! म्हणजे क्लॅरिनेट तोंडातून काढायची, नोट दातांनी घ्यायची, परत सूर पकडायचा. जेवायला बसवायचे सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या मागे, तोवर जिलेबी संपलेली. सुपारी ठरली त्यातले निम्मे पैसे 'नंतर देतो'. गुचाचे फोटो बघून वा वा करणाऱ्या किती जणांनी आपल्या लग्नातल्या बँडवाल्याचं नाव विचारलंय?

कोथरूडची_कमळी
नाव कशाला विचारायचं? आमच्या लग्नात बँड दीड तास उशिरा आला, ट्रम्पेटवाला झिंगलेला, आणि मंगलाष्टकं चालू असताना बाहेर नागीण डान्स. माझ्या सासूबाई आजही ऐकवतात.

सनईवाल्याचा_पुतण्या
काकू, एका सिझनला दिवसाला तीन-तीन लग्नं करतात ती माणसं. झिंगलेला दिसला, उपाशी होता का ते बघितलं का कधी?

कोथरूडची_कमळी
काकू कुणाला म्हणतोस?

डेसिबल
भांडू नका, बँड संपलाच आहे. आता डीजेची भिंत आणि लेझर. आमच्या बिल्डिंगच्या काचा हलतात, बाबांना बायपासनंतर दोन वेळा हलवावं लागलं. त्यापेक्षा झिंगलेला ट्रम्पेटवाला परवडला, निदान फुंकून फुंकून दमायचा तरी.

सनईवाल्याचा_पुतण्या
संपवला कुणी? काकांच्या बँडमध्ये आधी चार क्लॅरिनेट होत्या, मग गाडीवर कॅसिओ आणि गाणारा आला, क्लॅरिनेट एकच उरली, तीही दिसण्यापुरती. आता काका रिक्षा चालवतात. लोकांनाच पिक्चरची गाणी हवी होती.

शुभदा_व्हिएन्ना
हेच तिकडेही झालंय. रुमानियातली रोमा पोरं आज मानेले वाजवतात, सिंथेसायझर, ऑटोट्यून, पैसा-गाडी-दुश्मन असली गाणी. बल्गेरियात तशीच चाल्गा. वर्ल्ड म्युझिकवाल्यांना ते सहन होत नाही, त्यांना पिचलेलं पितळी भोंगंच हवं असतं.

तिरकीताल
मानेले भिकार असतं हे मीही म्हणेन.

माळरान
बघा! 😂 संगीत पाहिजे माणूस नको, वर तुम्हीच लिहिलंत. आता त्यांना काय वाजवायला आवडतं तेही तुम्हीच ठरवणार?

तिरकीताल
भिकार गाण्याला भिकार म्हणायला जात-धर्म-देश लागत नाही. त्यातला क्लॅरिनेट कधीकधी भन्नाट असतो, एवढं मान्य. खूश?

पाटलाचा_पोर
मग संगीतकार गोरान ब्रेगोविचलाही शिव्या द्या ना, तो तर रोमाही नाही. 'एडर्लेझी' पारंपरिक गाणं, सहा मेच्या सणाचं, आणि निम्म्या जगाला वाटतं त्यानेच रचलं.

तिरकीताल
त्याला शिव्या देतोच, पण त्याच्यामुळेच मी इथवर आलो, त्याचं संगीत असलेल्या १९८८ च्या 'टाइम ऑफ द जिप्सीज' पिक्चरमुळे. त्यामुळे हळू आवाजात देतो.

नऊ_मात्रा
कुणी पापाझोव ऐकला का? ऐंशीच्या दशकात बल्गेरियन सरकारला ही तुर्की-रोमा वळणाची लग्नातली गाणी नको होती, क्युचेक (त्यातलं नाचाचं संगीत) वाजवायला बंदी, तुर्कांना आणि रोमांना नावं बदलायला लावली, याला तर काही दिवस तुरुंगात टाकलं. आणि लोक लग्नाची तारीख त्याची सुपारी मिळेल तशी ठरवायचे.

कोथरूडची_कमळी
ऐकला. चांगला आहे. बँडवाल्याने असं वाजवलं असतं तर दीड तास उशीर माफ केला असता.

सनईवाल्याचा_पुतण्या
ताई, तुम्ही तेव्हा नागीणच मागितली असणार.

कोथरूडची_कमळी
दिरांनी मागितली होती. आणि आता ताई का? मघाशी काकू होते.