नियम तोंडपाठ, तरी चेंडूमागे थेट रस्त्यावर. तिसरीच्या मुलांना सुरक्षितता शिकवायची तरी कशी?

तिसरीचे_सर

नमस्कार. तिसरीचा वर्ग आहे, ४१ मुलं. यंदा आठवड्यातला एक तास 'सुरक्षितता' म्हणून माझ्या गळ्यात पडलाय. गळ्यात पडलाय म्हणतोय, कारण पहिल्या महिन्यात मी तो तसाच घेतला. तक्ते लावले, नियम फळ्यावर लिहिले, सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतले. महिन्याअखेरीला वीस गुणांची चाचणी. एका पठ्ठ्याला वीसपैकी वीस.

त्याच दिवशी शाळा सुटली आणि त्याच पठ्ठ्याचा चेंडू फाटकाखालून घरंगळत रस्त्यावर गेला. पोरगा त्याच्यामागे. इकडे नाही, तिकडे नाही, सरळ. एका दुचाकीवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. मी धावत जाऊन त्याला धरलं. माझेच हात थरथरत होते. विचारलं, "रस्त्यावर जाण्याआधी काय करायचं असतं?" धापा टाकत म्हणाला, "थांबा, बघा, ऐका, मग चाला." शब्द न् शब्द बरोबर.

तेव्हापासून तो तास घ्यायला उभा राहिलो की मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सहज एकेकाला विचारलं, हरवलास तर आईचं नाव काय सांगशील? "आई." पूर्ण नाव? "माझी आई." ४१ पैकी १७ जणांना घरातला एकही फोन नंबर सांगता आला नाही. वर आगीचा धडा घेतला त्या रात्री एक मुलगी झोपलीच नाही, सकाळी तिची आई शाळेत हजर. म्हणजे जे शिकायला हवं ते शिकली नाहीत आणि जे नको ते नेमकं शिकली.

कुठून सुरुवात करू? काय गाळू? घाबरवल्याशिवाय हे शिकवता येतं का?

---

खडू_डस्टर

सर, तुमचा वीसपैकी वीसवाला माझ्याही वर्गात होता. ३१ वर्षं शिकवलं, दरवर्षी असायचा. नाव तेवढं बदलायचं.

आधी तक्ते उतरवा. रस्त्याचा धडा रस्त्याच्या कडेलाच होतो. मी सहा-सहा मुलं घेऊन फाटकाबाहेर जायचे, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शिपाईमामा. पहिल्याच फेरीत लक्षात आलं की मुलं मान फिरवतात, बघत नाहीत. टेबलफॅनसारखी मान इकडून तिकडे जाते, डोळे कुठेच टेकत नाहीत. म्हणून "बघितलंस का?" हा प्रश्नच मी सोडून दिला. त्याला उत्तर एकच, "हो बाई". त्याऐवजी विचारायचे, "काय दिसलं?" मग सांगावं लागतं. "निळी गाडी, लांब आहे." "सायकलवाला, इकडेच येतोय." "काहीच नाही." तोंडाने सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. पंधरा दिवसांत डोळे टेकायला लागतात.

वेगाच्या बाबतीत मात्र त्यांच्या अंदाजावर विसंबू नका. त्यात त्यांचा दोष नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास हे तपासलं होतं. ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी जवळ येतेय, हे प्राथमिकच्या वयात मोठ्यांइतकं भरवशाने कळत नाही. समोरून येणारी गाडी डोळ्यात आधी अगदी हळूहळू मोठी होते, तो फरक टिपायला त्यांची नजर अजून तयार नसते. आणि ताशी ५० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते. म्हणून "गाडी लांब असेल तर जा" हे वाक्य मी शिकवण्यातून काढूनच टाकलं. गाडी येताना दिसतेय? मग थांबायचं. ती जाऊ दे. अशाने वेळ फार जातो अशी तक्रार पालक करायचे. मुलांनी कधी केली नाही.

उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यावर उतरायचं नाही, हे सांगण्याआधी तुम्ही स्वतः दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये गुडघ्यावर बसून बघा. तिसरीच्या मुलाची उंची तेवढीच. काय दिसतं? टायर. चालकाला तुम्ही दिसता का? नाही.

आता चेंडू. तिथे नियम कामाचा नाही, कारण चेंडू सुटला की मुलाच्या डोक्यात नियमाला जागाच उरत नाही. तिथे पायांनाच सवय लागायला हवी. मैदानावर चुन्याची रेघ ओढा, तिला रस्त्याची कड म्हणा. खेळता खेळता चेंडू मुद्दाम रेघेपलीकडे फेका. रेघेवर पाय रोवायचे आणि ओरडायचं, "चेंडू गेला!" आणायला मोठं माणूस जाणार. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग रेघ ओलांडेल. भाषण देऊ नका, परत फेका. दहा वेळा. पुढच्या आठवड्यात पुन्हा दहा. दोन महिन्यांनी, मुलं विसरली असतील तेव्हा, पुन्हा.

हरवल्यावर: जिथे कळलं की आपण चुकलो, तिथेच उभं राहायचं. शोधायला निघायचं नाही, कारण तुम्ही त्यांना शोधत फिरता आणि ते तुम्हाला. आईला नावाने हाक मारायची. गर्दीत "आई" अशी हाक आली की वीस बायका वळतात आणि आपलं पोर शेजारी बघून पुढे जातात. आईच्या नावाने ओरडायची परवानगी मिळाल्यावर माझा वर्ग जो काही पेटायचा, शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. मदत मागायची तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे, गणवेशातल्या माणसाकडे, किंवा सोबत लहान मुलं असलेल्या बाईकडे.

फोन नंबर चालीवर पाठ करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. माझा एक विद्यार्थी नंबर सुरेल म्हणायचा. कागदावर लिही म्हटलं तर तिसऱ्या आकड्याला अडला. बंद फोनवर बोटाने दाबून दाखवता यायला हवा. आणि फोनला कुलूप असलं तरी आणीबाणीचा कॉल लावता येतो, तो कुठून, हेही दाखवा. हे पुष्कळ पालकांनाही ठाऊक नसतं.

आगीचा धडा घेताना लोक कसे भाजतात ते सांगितलंत ना? तेवढं गाळा. एक चादर घ्या, दोन मुलांना ती कमरेच्या उंचीवर ताणून धरायला सांगा. चादर म्हणजे धूर. धूर वर जातो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते, म्हणून खालून रांगत दारापर्यंत जायचं. चादरीला डोकं लागलं की "धूर लागला", परत पहिल्यापासून. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही: थांबायचं, तोंडावर हात घेऊन आडवं पडायचं, लोळायचं. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा, की पलंगाखाली किंवा कपाटात लपायचं नाही. घाबरलेलं मूल लपतं आणि धुरात ते शोधून सापडत नाही. हे सगळं खेळून झाल्यावर मुलं झोपतात हो. दमलेली असतात.

---

दोन_पोरांचा_बाप

बाईंनी बरंच सांगितलं, माझं एकच आहे आणि ते माझ्याच चुकीचं आहे.

माझी मोठी सात वर्षांची होती. इस्त्रीला हात लावायचा नाही, हे मी तिला इतक्या वेळा आणि इतक्या चढ्या आवाजात सांगितलं होतं की एके दिवशी हात लागला तेव्हा तिने तो लपवला. दोन तास. फ्रॉकच्या खिशात मूठ. जेवायला बसली तेव्हा डाव्या हाताने खातेय म्हणून ओरडायला गेलो, तर उजवा तळवा फोडांनी भरलेला. "तुम्ही रागावाल म्हणून," एवढंच बोलली.

भाजल्याबरोबर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा असतो. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. ही माहिती मला होती. पण मुलगी सांगेल तर ना!

तेव्हापासून घरात ठरलंय: आधी मदत, मग चौकशी, आणि रागावणं त्यातून वगळलेलं. धाकट्याने पुढे खेळण्यातला बटणासारखा गोल सेल तोंडात घातला आणि लगेच येऊन सांगितलं, "बाबा, मी घातलेला, थुंकला." तो गिळला गेला असता तर अन्ननलिका आतून भाजायला दोन तासही पुरतात. अशा वेळी उलटी काढायला न लावता थेट रुग्णालय गाठायचं असतं. आमचं त्याने थुंकला म्हणून भागलं. तुम्ही शाळेत कितीही शिकवा, घरी बाप ओरडत असेल तर मूल सांगणार नाही. पालकसभेत हे बोला.

---

अभ्यासू_किडा

सर, तुम्हाला जे दिसलं ते संशोधनातही दिसलंय. अमेरिकेत चार-पाच वर्षांच्या मुलांना शिकवलं, बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. मुलांनी नियम बरोबर सांगितला. मग एकेकाला एकटं सोडून समोर निकामी केलेली बंदूक ठेवली, तर बहुतेकांना नियमाप्रमाणे वागता आलं नाही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका अभ्यासात तिथल्या तिथे मध्ये पडून सराव करून घेतला तेव्हा वागणूक बदलली. पहिला अभ्यास २००४ साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. तेव्हा अचानक परीक्षा घ्या. एखाद्या ओळखीच्या माणसाला अनोळखी म्हणून फाटकाशी उभं करा, कोण त्याच्यासोबत जातं बघा.

---

शाळेची_ताई

चेंडूची अचानक परीक्षा घ्या, हवी तितकी. खोटा अनोळखी माणूस मात्र कृपा करून उभा करू नका. मी शाळेत समुपदेशक आहे. ज्याच्या भरवशावर मुलाने सांगायला यायचं, त्यानेच फसवलं असं मुलाला वाटलं तर आपण हाताने दार बंद केलं. हाच सराव नाटक करून होतो, आधी सांगून, "आता मी गाडीतला माणूस, तू तूच."

मी एकदा मुलांना 'अनोळखी माणूस' काढायला सांगितला. जवळपास सगळ्यांनी मिशा, काळा चष्मा आणि पोतं काढलं. एकीने विचारलं, "ताई, फाटकावर रोज दिसणारे काका अनोळखी की ओळखीचे?" बिनतोड प्रश्न. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीचीच असतात, घरात येणारी-जाणारी. म्हणून चेहऱ्यावरून शिकवणं मी थांबवलं. वागण्यावरून शिकवते. मोठा माणूस लहान मुलाकडे मदत मागतो, "माझं कुत्र्याचं पिल्लू शोधून दे"? खटकलं पाहिजे. मोठ्यांनी मदत मोठ्यांकडे मागावी. "हे आईला सांगू नकोस" म्हणतो? तेच आधी आईला सांगायचं. वाढदिवसाची भेट लपवणं वेगळं, ती काही दिवसांनी सगळ्यांसमोर उघडणार असते. जी गोष्ट कायम लपवायला सांगतात, पोटात गोळा आणते, ती लपवायची नाही.

शरीराच्या अवयवांची खरी नावं मुलांना यायला हवीत. टोपणनावांनी मूल काय सांगतंय ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. आणि एका माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, मग तिसऱ्याला. माझ्याकडे पाचही बोटांवर पाच माणसांची नावं लिहून घेते, त्यात किमान एक घराबाहेरचं.

न्यायला दुसरं कुणी येणार असेल तर घरच्यांचा एक परवलीचा शब्द ठरवा. येणाऱ्याला तो सांगता आला नाही तर जायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. मामा चिडतात. चिडू देत.

यातलं सगळ्यात अवघड शिक्षकांनाच जातं. दिवसभर "मोठ्यांचं ऐकावं" शिकवायचं आणि या एका तासात "कधी कधी ऐकू नये". मुलं नेमकं हेच विचारतात. उत्तर तयार ठेवा.

---

तिसरीचे_सर

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय.

तक्ते उतरवले. रेघ ओढली. पहिल्या दिवशी २३ जण रेघेपलीकडे. वीसपैकी वीसवाला तीनदा. चौथ्यांदा रेघेवर असा करकचून थांबला की तोंडावर पडला, गुडघा फुटला, आणि पडल्या पडल्या ओरडला, "चेंडू गेला!" त्याच्या आईला मी स्वतः फोन करून सांगितलं. ती आधी गुडघ्याबद्दल बोलली, मग बराच वेळ काही बोललीच नाही. फाटकापाशी काय झालं होतं ते तिला तोवर ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. ते सांगायला हवं होतं.

"काय दिसलं?" सुरू केलंय. एक मुलगी दर वेळी कुत्रा सांगते. कुत्रा खरंच असतो, पण गाडीही असते. तिच्यावर काम चालू आहे.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न दुसऱ्याच दिवशी आला. "सर, मग तुमचं पण ऐकायचं नाही का?" मी म्हटलं, मी कधी म्हणालो की हे घरी सांगू नको, तर माझंही ऐकू नको. वर्ग एकदम गप्प. मग मागच्या बाकावरून, "गृहपाठाचं पण?" गृहपाठाचं ऐकायचं, असं ठरलं.

पाच बोटांचं करून घेतलं. दोन मुलांची बोटं दोन नावांवर थांबली. त्यांच्याशी वेगळं बोलायचंय, कसं ते तुम्हाला व्यक्तिगत निरोपात विचारतो.

फोन नंबरचे १७ आता पाचवर आलेत. आगीचं पुढच्या बुधवारी. चादर कुणाच्या घरून आणायची यावरून वर्गात भांडण जुंपलंय, चार जणांना आपलीच हवीय.

---

खडू_डस्टर

जुनी आणायला सांगा. फाटते. आणि दोन आणायला सांगा.